इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडताना शैक्षणिक कर्जाच्या या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी तोच वाद सुरू होतो. एकीकडे कराड, अमरावती किंवा छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॉलेज, दुसरीकडे पुण्यातलं चकचकीत अभिमत विद्यापीठ. 'कर्ज मिळतंय ना, मग घेऊ' या वाक्यावर वाद मिटतो आणि पहिली चूक तिथेच होते. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे ते आपल्याला झेपेल, असं नाही. बँक सहकर्जदार म्हणून वडिलांची पगारस्लिप आणि सिबिल (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा गुणांक) पाहते, मोठ्या रकमेला बऱ्याचदा घर तारणही मागते. मुलाच्या पहिल्या पगारातून हप्ता भागेल का, हे घरातच कुणीतरी बघायला हवं.

कोर्स संपेपर्यंत व्याज नाही, हा समज

कोर्स आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, हे खरं. व्याज मात्र पहिला चेक कॉलेजला गेला त्या दिवसापासून चढतं. समजा वर्षाला ४ लाख याप्रमाणे चार वर्षांत १६ लाख उचलले आणि व्याजदर १० टक्के आहे. कोर्सची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष सवलतीचं, एवढ्या काळात साध्या व्याजाने ५ लाख ६० हजार होतात. ते मुद्दलात मिळवलं जातं. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज असतं २१ लाख ६० हजारांचं. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण साडेअठ्ठावीस हजार. पंधरा वर्षं घेतलीत तर तेवीस हजारांच्या थोडा वर, पण मग एकूण परतफेड जाते जवळजवळ ४२ लाखांवर. मुदत वाढवून हप्ता 'बसवला' म्हणून खूश होणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा दोनदा वाचावा.

आता समोर पगार ठेवा. शेकड्याने भरती करणाऱ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशरचं पॅकेज बऱ्याचदा साडेतीन लाखांच्या आसपास असतं. पीएफ वगैरे कापून हातात येतात पंचवीस-सव्वीस हजार. हिंजवडीतली रूम आणि मेस अजून यात धरलेलीच नाही.

'हायेस्ट पॅकेज'वर भुलणं

माहितीपत्रकात अर्ध्या पानभर छापलेला आकडा एका मुलाचा असतो. तुम्हाला हवा मीडियन, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला येईल तो. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपला भरलेला डेटा स्वतःच्या वेबसाइटवर टाकतात. त्यात किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली आणि मीडियन पगार किती, हे सगळं असतं. बहुतेक पालक हा कागद उघडतच नाहीत. आकडे सगळ्या ब्रँच मिळून असतात, त्यामुळे तुमच्या ब्रँचचं वेगळं विचारा. कौन्सेलर विषय बदलायला लागला की समजून जा.

शिष्यवृत्तीवर नकळत पाणी सोडणं

सगळ्यात महागात पडणारी चूक बहुधा हीच. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या गटातल्या मुलांना निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी गटांतल्या, उत्पन्नाच्या याच मर्यादेतल्या मुलींना तर २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेशफेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. 'तिकडे फी फक्त दीड लाखाने जास्त' असं म्हणताना इकडची माफ होणारी रक्कमही धरा, फरक किती वाढतो ते दिसेल. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मात्र निकालाआधीच काढून ठेवा, ऐन जुलैत रांगेत उभं राहू नका.

आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरण्याआधी हा हिशेब संपवा. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद. न परवडणारं कॉलेज 'बघू तर खरं' म्हणून सगळ्यात वर टाकू नये.

आयकराचंही गणित बरेच जण आधीच वजा करून मोकळे होतात. शैक्षणिक कर्जाच्या फक्त व्याजाची वजावट मिळते, तीही जास्तीत जास्त आठ वर्षं आणि जुनी करप्रणाली घेतली तरच.

कर्ज घेऊन झालंय, आता?

शिकत असतानाच दरमहा व्याज भरायला लागा. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी ते महिन्याला सव्वातीन-साडेतीन हजार येतं. नियमित भरणाऱ्याला काही बँका व्याजदरात एक टक्क्यापर्यंत सूटही देतात, ती शाखेत मागावी लागते. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत बसता का, तेही तिथेच विचारा. हातात जादा पैसे आले की मुद्दलात टाका. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जावर त्याचा दंड लागत नाही.

नोकरी लांबली तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकदा खातं थकीत झालं की सिबिल मुलाचं बिघडतं आणि सहकर्जदार असलेल्या वडिलांचंही. धाकटीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला तेच वडील पुन्हा त्याच बँकेत जाणार असतात.