क्रेफिश पाळताना कात टाकण्याच्या दिवसाची तयारी

मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लू लॉबस्टर’ म्हणून जो निळा प्राणी दाखवला जातो, तो लॉबस्टर नसून क्रेफिश असतो. लॉबस्टर, म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा शेवंड, समुद्रात राहतो. क्रेफिश गोड्या पाण्यातला असून भारतात तो मूळचा कोठेही आढळत नाही. विकत घेण्यापूर्वी जात विचारून घ्यावी, कारण ऑस्ट्रेलियाचा रेड क्लॉ वीस सेंटीमीटरच्याही पुढे वाढू शकतो, तर अमेरिकेतील लाल क्रेफिश साधारण बारा सेंटीमीटरपर्यंत वाढतो. टाकीचा आकार यावरच ठरतो. लहान जातीच्या एका क्रेफिशसाठी ६० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद टाकी पुरते. रेड क्लॉसाठी ९० सेंटीमीटरपेक्षा कमी लांबीची टाकी घेऊ नये.

क्रेफिशचे कवच वाढत नाही, म्हणून शरीर वाढले की त्याला जुने कवच टाकून नवे धारण करावे लागते. पिल्ले हे वरचेवर करतात, तर मोठा प्राणी वर्षातून मोजक्या वेळा करतो. माझ्या मते क्रेफिश पाळणे म्हणजे या कात टाकण्याच्या दिवसाची तयारी करणे होय. पाणी, खाद्य, लपण आणि एकांत या सगळ्यांची व्यवस्था त्या एका दिवसाच्या हिशेबाने करावी. एरवी धडधाकट दिसणारे क्रेफिश दगावतात ते पुष्कळदा याच वेळी.

प्रथम पाण्याचा विचार करू. नव्या कवचासाठी कॅल्शियम लागते आणि त्यातील बराचसा भाग क्रेफिश पाण्यातूनच शोषून घेतो. त्यामुळे ज्या जड पाण्याबद्दल आपण एरवी तक्रार करतो, ते बोअरवेलचे पाणी येथे उपयोगी पडते. मुंबईसारख्या शहरात धरणांतून येणारे नळाचे पाणी मात्र हलके असते. अशा ठिकाणी फिल्टरमध्ये स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा समुद्रफेसाचा तुकडा ठेवावा. पाण्याचा सामू (पीएच) ७ ते ८ आणि तापमान २० ते २६ अंश सेल्सिअस असावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमान याच्या पुढे जाते. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून त्या दिवसांत एअर पंप अखंड चालू ठेवावा, पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर बॅटरीवर चालणारा पंप जवळ बाळगावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी अँटिक्लोरीनचे थेंब वापरावेत. नवी टाकी क्रेफिश आणण्याच्या निदान चार ते सहा आठवडे आधी चालू करावी, म्हणजे अमोनियाचे रूपांतर करणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावतात.

येथे एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. क्रेफिश हा झुरळ आणि डास यांच्याप्रमाणेच संधिपाद प्राणी आहे. डासांसाठी लावण्याच्या यंत्रातील द्रव आणि झुरळांवरचे फवारे यांत जी पायरेथ्रॉइड गटातील रसायने असतात, ती क्रेफिशलाही मारतात, तीही अतिशय अल्प प्रमाणात. ज्या खोलीत टाकी आहे तेथे ही यंत्रे लावू नयेत आणि घरात पेस्ट कंट्रोल करायचे असल्यास क्रेफिशला आधी दुसऱ्या घरी हलवावे. माशांच्या रोगांवरील काही औषधांत तांबे असते; तेही त्याला विषारी ठरते, म्हणून बाटलीवरील घटक वाचल्याशिवाय कोणतेही औषध पाण्यात घालू नये.

तळाशी वाळू किंवा बारीक खडी पसरावी. फुटके मातीचे मडके किंवा पीव्हीसी पाइपचे तुकडे त्याला लपण म्हणून उत्तम असतात. झाकण घट्ट बसणारे हवे, कारण क्रेफिश फिल्टरची नळी आणि वायर धरून रात्रीतून वर चढतो. टाकीत एकच क्रेफिश ठेवावा. मासे सोबत ठेवले तर तो मंद माशांची शेपटी कुरतडतो आणि कात टाकल्यावर स्वतः मऊ असताना माशांच्या तोंडी पडतो. दुसरा क्रेफिश असेल, तर तो मऊ झालेल्याला खाऊन टाकतो.

खाद्य संध्याकाळी, तळाशी बुडणाऱ्या गोळ्यांच्या रूपात, थोडेच द्यावे आणि उरलेले सकाळी काढून टाकावे. वाफवलेले गाजर, काकडी, दोडका चालतो; भाजी नीट धुऊन, साल काढूनच द्यावी. देशी बदामाचे गळून वाळलेले पान स्वच्छ धुऊन टाकले तर तो ते कित्येक दिवस कुरतडत राहतो. बाजारातील कच्ची कोळंबी देऊ नये, कारण कोळंबीच्या शेतीला ग्रासणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू क्रेफिशलाही लागतो.

कात टाकण्याची वेळ जवळ आली की तो खाणे सोडतो, लपून बसतो आणि त्याचा रंग फिका पडतो. त्याच्या पोटात खड्यासारख्या दोन गाठी तयार होतात. जुन्या कवचातील कॅल्शियम तेथे साठवलेले असते. मग तो आडवा किंवा उताणा पडतो आणि पाहणाऱ्याला मेल्यासारखा वाटतो. या वेळी त्याला हात लावू नये, उलटे करून पाहू नये आणि पाणीही बदलू नये. कवच पाठीशी फाटते आणि तो काही मिनिटांत मागच्या मागे बाहेर येतो. टाकलेली कात मात्र आवर्जून तशीच ठेवावी, कारण तो ती खातो आणि त्यातील कॅल्शियम परत मिळवतो. पुढचे काही दिवस अंग मऊ असल्याने तो बाहेर येत नाही, खाणेही मागत नाही. तुटलेली नांगी असेल तर या कातीनंतर ती लहान रूपात पुन्हा दिसू लागते आणि प्रत्येक कातीगणिक वाढत जाते.

पाळणे पुढे जमले नाही, तर क्रेफिश दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा. नदीत, तलावात किंवा विहिरीत कधीही सोडू नये आणि टाकीचे पाणीही तेथे ओतू नये. १९९० च्या दशकात जर्मनीतील मत्स्यालयांत संगमरवरी क्रेफिश प्रथम लक्षात आला. या जातीत सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवायच त्यांची पिल्ले होतात, त्यामुळे एकच मादी सुटली तरी वसाहत उभी राहते. मादागास्करच्या भातखाचरांत ती अशीच पसरली आहे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ही जात आणि अमेरिकेतील लाल क्रेफिश या दोन्हींना आक्रमक जातींच्या यादीत घातले. म्हणून कोणी संगमरवरी क्रेफिश देऊ केला, तर तो घेऊच नये.