झोन दिसला म्हणजे अर्क चालला असं नसतं, या चुका टाळा

वनस्पतीचा अर्क बॅक्टेरिया मारतो का हे बघायला, बॅक्टेरिया पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटमध्ये छोटी भोकं, म्हणजे विहिरी, पाडून त्यात अर्क टाकतात. विहिरीभोवती बॅक्टेरिया न वाढलेला स्वच्छ गोल, म्हणजे झोन, दिसला की लगेच उड्या मारू नका, आधी सॉल्व्हंट कंट्रोल बघा. मेथॅनॉल, इथेनॉल स्वतःच बॅक्टेरिया मारतात, डीएमएसओचं प्रमाण जास्त झालं तर तोही त्रास देतो, म्हणून अर्क ज्यात विरघळवलाय तेच सॉल्व्हंट, तेवढंच, अर्काशिवाय त्याच प्लेटवर एका विहिरीत टाकायचंच. तिथेही तेवढाच झोन आला तर अर्काचं श्रेय गेलं. आंबट फळांच्या अर्कात आणखी एक भानगड असते, झोन नुसत्या आम्लामुळेही येतो, त्यामुळे पीएच मोजून घ्या.

झोन एकदा १८ एकदा ११ मिमी येतोय? बहुतेक वेळा दोष अर्काचा नसतो, कल्चर आणि अगारचा असतो. सस्पेन्शन (द्रवात कालवलेले बॅक्टेरिया) ०.५ मॅकफारलँडला, म्हणजे गढूळपणाच्या ठरलेल्या मापाला, जुळवा (ई. कोलायसाठी साधारण १० ते २० कोटी पेशी प्रति मिली) आणि १५ मिनिटांत प्लेटवर पसरा. दाट कल्चरने झोन आकसतो, पातळने फुगतो. मुलर-हिंटन अगारची जाडी ४ मिमीच्या आसपास हवी, पातळ प्लेटवर झोन मोठा दिसतो आणि आपण उगाच खूश होतो. विहीर पाडताना खालचा अगार उचलला गेला तर अर्क तळातून पसरतो, मग झोन वेडावाकडा येतो.

आता सगळ्यात मोठी चूक, दोन अर्कांचे झोन एकमेकांशी तोलणं. तेलकट, पाण्यात न विरघळणारे घटक अगारमध्ये नीट सरकतच नाहीत, त्यामुळे चांगला अर्कही छोटा झोन देऊ शकतो किंवा काहीच देत नाही. आणि जेंटामायसिनच्या १० मायक्रोग्रॅम डिस्कशेजारी काही मिलिग्रॅम कच्चा अर्क ठेवून "अँटिबायोटिकच्या बरोबरीचा" लिहिणं तर कृपा करून नकोच. झोन फक्त पुढे जायचं की नाही तेवढं सांगतो, ताकद एमआयसीने (वाढ थांबवणारं अर्काचं सगळ्यात कमी प्रमाण) कळते.

स्टॅफवर (स्टॅफिलोकोकस, ग्रॅम-पॉझिटिव्ह) चालतं आणि ई. कोलायवर (ग्रॅम-निगेटिव्ह) नाही, यात घाबरण्यासारखं काही नाही, ग्रॅम-निगेटिव्हचं बाहेरचं आवरण बरेच घटक आत येऊच देत नाही. ही जिवाणूंची कामं घरी किंवा उघड्या टेबलावर करू नका हां, सेफ्टी कॅबिनेट लागतं, आणि वापरलेल्या प्लेट्स १२१ अंशावर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय टाकायच्या नाहीत.

एमआयसी द्रव माध्यमाच्या छोट्या विहिरींत करतात, वाढ झाली की ते गढूळ होतं, पण हिरव्या-तपकिरी अर्कात हा गढूळपणा डोळ्यांना कळत नाही, म्हणून लोक रेझाझुरिन नावाचा रंग वापरतात, निळ्याचं गुलाबी झालं की वाढ आहे असं धरतात. पण पॉलीफेनॉल भरपूर असलेला अर्क बॅक्टेरिया नसतानाही रंग बदलू शकतो, तेव्हा नुसता अर्क, माध्यम आणि रेझाझुरिन असलेली एक रांग ठेवा, आणि तीच गुलाबी झाली तर बॅक्टेरिया घातलेल्या विहिरींतलं थोडं थोडं अगारवर पसरून दुसऱ्या दिवशी कॉलनी येतात का ते बघा.