फियाटची पुढची स्प्रिंग उतरवताना

चाक काढून गाडी घोडीवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) चढवली की बऱ्याच जणांना वाटतं, आता स्प्रिंग मोकळी झाली. तसं होत नाही. चाक हवेत लोंबत असतानाही ती खालचा आर्म (चाकाला धरून वर-खाली हलणारा दांडा) आणि क्रॉसमेंबर (गाडीखालची आडवी तुळई) यांच्यामध्ये दबलेलीच असते. ४०० किलो भाराखाली १० सेंटिमीटर दबलेली स्प्रिंग धरा. तिच्यात साठलेली ऊर्जा म्हणजे १० किलोचा दगड दोन मीटरवरून पडावा एवढी. पद्मिनीचा, म्हणजे आपल्याकडच्या फियाटचा, बुश (आर्मच्या सांध्यातली रबरी नळी) बदलायला निघालेल्या प्रत्येकाने हा हिशेब आधी करावा, असं मला मनापासून वाटतं.

हे सगळं कॉइल स्प्रिंगवाल्या गाड्यांबद्दल आहे. अँबेसिडरला पुढे टॉर्शन बार असतात, ते पीळ खाऊन ताकद धरतात. त्यांची उतरवण्याची रीत वेगळी, आणि डावा-उजवा बार एकमेकांत मिसळायचा नसतो.

जागा सपाट, पक्क्या काँक्रीटची हवी. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात खालची माती वाहून गेल्याने बसतात, आणि घोडीचा एक पाय खचला की पुढचं सांगायला नको. उताराची जागा असेल तर काम दुसरीकडे न्या. हँडब्रेक ओढा, गिअर टाका, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून पाचर लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग क्रॉसमेंबरखाली जॅक लावून गाडी उचला, दोन्ही बाजूंना बॉडीच्या मजबूत भागाखाली घोड्या ठेवा आणि गाडी हाताने जोरात हलवून बघा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक कधीही वापरू नका, ते सूचना न देता फुटतात. काढलेलं चाक बाजूच्या दाराखाली आडवं सरकवून ठेवा.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं असेल तर निम्मं भांडण मिटतं. उघडण्यापूर्वी फोटो काढा. कँबरसाठी (चाकाच्या उभ्या कलासाठी) घातलेल्या शिम्स (पातळ चकत्या) कुठल्या बोल्टखाली किती आहेत, हे लिहून ठेवा.

ब्रेकची प्लेट होजवर (ब्रेकच्या रबरी नळीवर) लोंबू देऊ नका, तारेने वर बांधा. जुन्या ब्रेकच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून फुंकर किंवा हवा न मारता ओल्या फडक्याने पुसा. टाय रॉड एंडची (स्टिअरिंगचा दांडा चाकाकडे जोडणाऱ्या सांध्याची) स्प्लिट पिन काढा, नट तीन-चार आटे राहील इतका सोडा. पुलर नसेल तर हा सांधा ज्या छिद्रात बसतो त्या लोखंडी डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने दणका द्या, टेपर (निमुळता, घट्ट बसलेला जोड) सुटतो. आट्यांवर मात्र हातोडा मारायचा नाही.

आता मुख्य काम. शॉक अॅब्सॉर्बर काढायच्या आधी ट्रॉली जॅक खालच्या आर्मखाली घ्या, कारण कित्येक गाड्यांत आर्मला खाली जाण्यापासून शॉकच अडवत असतो. जॅकच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवा; पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागाचा किंवा साल वृक्षाच्या लाकडाचा कापून मिळतो. आर्म जेमतेम वर येईपर्यंत जॅक चढवा. गाडी घोडीवरून उठतेय का, ते बघा. इंजिन बाहेर काढलेलं असेल तर पुढचा भाग हलका होतो आणि स्प्रिंग दबण्याऐवजी गाडीच वर येते, म्हणून हे काम इंजिन जागेवर असतानाच करा.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांतून जाड साखळी ओवून क्रॉसमेंबरला बांधा, थोडी ढिली. मगच स्पिंडलचा (चाक ज्यावर फिरतं त्या भागाचा) वरचा जोड सोडा: आधी नट काही आट्यांवर ठेवून टेपर फोडा, जॅक पूर्ण भार धरतोय ना हे बघा, मग नट काढा. हात, तोंड आणि गुडघे स्प्रिंगच्या रेषेत नकोत. जॅक अगदी हळू उतरवा. आर्म सरळ न येता कमानीने खाली येतो, त्यामुळे जॅकची चाकं मोकळी फिरली पाहिजेत. अडकली तर ठोकळा निसटतो. मोठा ताण उरला असेल तर थांबा, आतून बसणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर आणा.

उतरलेल्या स्प्रिंगवर डावी-उजवी खडूने लिहा. जुना बुश सोबत घेऊन नाना पेठेत जा, नुसत्या वर्णनावर माप जुळत नाही. नवे रबर बुश बसवल्यावर त्यांचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उतरवून दोनदा पुढे-मागे ढकलल्यानंतरच आवळा. लोंबत्या स्थितीत आवळलेलं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.