दाढीचा ब्रश: डुक्कर, घोडा की बॅजर?

आमच्या न्हाणीच्या खिडकीत तीन ब्रश उभे असतात. एक डुकराच्या केसांचा, एक घोड्याच्या, एक बॅजर नावाच्या, बिळात राहणाऱ्या रानटी जनावराच्या. "दाढी एक आणि ब्रश तीन" हे घरात ऐकून झालंय. भाच्याने परवा विचारलं, "मामा, मी कुठला घेऊ?" मी म्हटलं, आधी तुझ्या नळाला पाणी कसलं येतं ते सांग.

चिपळूणला आमच्या विहिरीचं पाणी मऊ, कुठल्याही ब्रशाने भसाभस फेस येतो. भाचा पुण्यात राहतो, सोसायटीत टँकरचं जड पाणी. तिथे माझाच साबण, माझाच ब्रश घेऊन बसलो तर फेस ताकासारखा पातळ. अशा पाण्यात साबणाच्या वडीवर जोर लावून घासणारा ब्रश लागतो, आणि तिथे डुकराचा केस सरस ठरतो.

हा ब्रश स्वस्त, म्हणून लोक नाक मुरडतात. पहिल्या दिवशी तो असतोही तसाच: राठ, वर जनावराचा वास. रात्री भरपूर फेस करून तो ब्रशातच राहू द्या, सकाळी धुवा. दोन-तीनदा केलं की वास जातो. राठपणाला मात्र धीर धरावा लागतो. डुकराचा केस बुडाशी जाड असतो आणि वापराने टोकाशी चिरत जातो. दोन-चार आठवड्यांत एकेका केसाला बारीक फाटे फुटतात. मग गालाला मऊ लागतो, पण कणा ताठच राहतो. बहुतेक लोक पहिल्याच आठवड्यात कंटाळून तो फेकतात आणि ब्रशाला शिव्या देतात.

हा केस पाणी पितो, म्हणून दाढीआधी चहा होईपर्यंत, पाचेक मिनिटं, कोमट पाण्यात बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको. झुबका मुळाशी चिकटवलेला असतो, तो सुटतो. इटलीत बोलोन्याची ओमेगा कंपनी १९३१ पासून ब्रश करतेय, तिथल्या न्हाव्यांच्या हातात डुकराचाच ब्रश दिसतो. आपल्याकडेही कानपूर एके काळी या केसांच्या व्यापाराचं मोठं ठिकाण होतं. अर्थात अनेक घरांत डुकराचा केस चालत नाही. मोहल्ल्यातल्या मित्राला भेट द्यायची तर मी घोड्याचा घेतो.

घोड्याच्या ब्रशाबद्दल कुणी फार बोलत नाही, पण सकाळी सव्वासातची गाडी गाठायची असेल तर तोच घ्या. मिनिटभर भिजला की तयार. शेपटीचा केस ताठ, आयाळीचा मऊ. दोन्हींचं मिश्रण किती, ते विकणाऱ्याला विचारा. आयाळ जास्त असेल तर ब्रश लुळा पडतो. केसासाठी घोडा मारावा लागत नाही, कापून घेता येतो. पहिल्या महायुद्धात नीट निर्जंतुक न केलेल्या अशा ब्रशांमुळे सैनिकांना अँथ्रॅक्स हा जनावरांकडून येणारा जीवघेणा रोग झाला होता. तेव्हा घोड्याचा केस बॅजरचा म्हणूनही खपवत.

फसवणूक अजून आहेच. मी पहिला 'प्युअर बॅजर' ऑनलाइन मागवला, कोमट पाण्यात घातला आणि मगात काळं पाणी उतरलं. डुकराच्या केसांना पट्टा रंगवलेला! बॅजरच्या केसाचा काळा पट्टा नैसर्गिक असतो, टोक पांढुरकं आणि निमुळतं. म्हणून ब्रश आला की आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप या प्रतींना सगळ्या कंपन्यांत मिळून एक असं माप नाही. एकाचा 'बेस्ट' दुसऱ्याचा 'सुपर' असू शकतो. त्या नावाचे जादा पैसे मोजण्याआधी हात लावायला मिळतो का बघा. मनगटाच्या आतल्या बाजूला टोचला तर मानेला टोचणारच.

खरा बॅजर ऊबदार पाणी धरून ठेवतो. त्वचा लगेच लाल होत असेल किंवा ट्यूबमधलं क्रीम वापरत असाल तर तो सुखाचा. पण दाबून गोल गोल फिरवू नका, मधले केस तुटून खड्डा पडतो. भिंतीला रंग लावतात तसा वरवर फिरवा.

झुबका साधारण २४ मिलिमीटर जाड पुरे. त्याहून मोठा घेतला की फेस नाकात जातो.

आणि वाळणं. बॅजर पाणी धरतो तसा ते सोडायलाही वेळ लावतो. कोकणातल्या जुलैत तो दिवसभरात वाळतच नाही, कुबट वास धरतो. म्हणून जूनमध्ये मी तो धुवून, पंख्याखाली दोन दिवस वाळवून कपाटात ठेवतो. या केसांना कसर लागते, तेव्हा सोबत कडुलिंबाचा वाळका पाला. एकदा डांबरगोळी ठेवली होती. गणपतीत पाहुण्यांसमोर माझे गाल जुन्या शालीसारखे वास मारत होते.