खग्रास चंद्रग्रहण बघायला वेधशाळेत जाताना

आधी वेळा उतरवून घ्या, त्याही कागदावर: स्पर्श (सावली चंद्राला लागते), संमीलन (चंद्र पूर्ण झाकला जातो), मध्य, उन्मीलन (चंद्राची कड परत उजळू लागते) आणि मोक्ष (सावली पूर्ण सुटते). खगोलीय तक्त्यांत त्या बहुधा जागतिक वेळेत (यूटीसी) दिलेल्या असतात. त्या आपल्या घड्याळात बसवताना तारीख उलटते का तेही बघा. मध्यरात्रीच्या आसपासचं ग्रहण असेल तर लोक हमखास एका दिवसाने चुकतात. आणि हे ग्रहण चुकलं तर पुढचं लवकर मिळेलच असं नाही. ३ मार्च २०२६ नंतरचं खग्रास चंद्रग्रहण थेट ३१ डिसेंबर २०२८ ला आहे. स्पर्श ते मोक्ष साधारण तीन-साडेतीन तास हाताशी ठेवा. त्यातला खग्रास काळ दर वेळी वेगळा असतो. ७ सप्टेंबर २०२५ ला तो ८२ मिनिटांचा होता, आणि फार तर १०७ मिनिटांच्या आसपास जाऊ शकतो.

स्पर्शाच्या वेळी चंद्र कुठल्या दिशेला आणि किती उंचीवर असेल तेही शोधून ठेवा. ग्रहण चंद्रोदयाच्या किंवा चंद्रास्ताच्या जवळ असेल तर वेधशाळेच्या आवारातून तिकडचं क्षितिज मोकळं दिसतं का, हे फोन करूनच विचारा. त्याच फोनवर नावनोंदणी लागते का, ढग आले तर कार्यक्रम होणार का, तिवई लावू देतात का, आणि फाटक मोक्षापर्यंत उघडं राहणार का, हेही विचारून घ्या. शेवटचा प्रश्न विसरू नका. संमीलन होऊन गेल्यावर ‘चला, आटपा’ ऐकायला लागलं की फार वाईट वाटतं.

मोठ्या दुर्बिणीच्या रांगेचा विचार घरूनच करून जा, कारण सगळी रात्र त्यावर ठरते. बहुतेक लोक चंद्र लाल झाला की रांगेत उभे राहतात आणि खग्रासाचा निम्मा वेळ पुढच्याच्या पाठीकडे बघण्यात घालवतात. तुम्ही लवकर पोचा आणि आपली पाळी खंडग्रास चालू असतानाच घ्या. दुर्बिणीतून बघण्यासारखं तेव्हाच जास्त असतं. सावली चंद्राच्या, आकाशातल्या पूर्वेकडच्या, कडेवर चढते, ग्रिमाल्डी विवर सुरुवातीलाच बुडतं, मग कोपर्निकस आणि टायको या विवरांची पाळी येते. सावलीची कड नीट निरखा. ती रेघेसारखी नसते, पाण्यात शाई पसरावी तशी मऊ असते, आणि कायम गोलाईत. या गोलाईवरूनच ॲरिस्टॉटलने पृथ्वी गोल असल्याचं मांडलं होतं.

संमीलन झालं की रांग सोडा आणि मोकळ्यावर या. पौर्णिमेच्या प्रकाशात मोजके ठळक तारेच दिसत होते. आता आकाश काळं पडत जातं आणि एकेक करून तारे परत येतात. अंधारी जागा असेल तर आकाशगंगेचा पट्टाही उमटतो. हे दृश्य दुर्बिणीच्या कुठल्याही नेत्रिकेत (डोळा लावायच्या भिंगात) मावत नाही. त्यासाठी अंगाखाली घालायला सतरंजी घ्या. मान वर करून तासभर उभं राहणं कोणालाच जमत नाही.

साधी ७×५० किंवा १०×५० ची (सात किंवा दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, असेल तर जरूर आणा. चंद्राचा लालसरपणा आणि भोवतालचे तारे तिच्यातून एकत्र दिसतात. गळ्यातला पट्टा मात्र तपासा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद चिकटवा आणि मोबाइलचा उजेड अगदी कमी करा. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात, आणि शेजारच्याने एकदा फ्लॅश मारला की पुन्हा पहिल्यापासून. डोळ्यांना चष्मा-फिल्टर काही लागत नाही.

दवाचा बंदोबस्त करा. एकदा ऐन ग्रहणमध्याला माझ्या द्विनेत्रीच्या काचा धुकटल्या, मी घाईने शर्टाच्या टोकाने पुसल्या आणि चंद्राभोवती तेलकट वलय उरलं. तेव्हापासून स्वच्छ सुती फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून नेतो, आणि वापरात नसताना द्विनेत्री जॅकेटच्या आत ठेवतो. कपडे वाटतात त्यापेक्षा एक थर जास्त घ्या. बसून राहिल्यावर थंडी वाजते.

वही आणि पेन्सिल घ्याच. ग्रहणमध्याला नुसत्या डोळ्यांनी चंद्राचा रंग ठरवून दांजाँच्या मापावर (ग्रहणातला चंद्र किती काळा-उजळ ते सांगणारं ० ते ४ चं माप) अंक लिहा: ० म्हणजे जवळजवळ दिसेनासा, २ म्हणजे गंजाचा गडद लाल, ४ म्हणजे झळझळीत तांबूस. हा रंग आपल्या वातावरणातून वाकून गेलेल्या प्रकाशाचा, म्हणून तो हवेवर ठरतो. १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याने हवा गढुळली आणि ९ डिसेंबर १९९२ च्या ग्रहणात चंद्र फारच काळवंडलेला दिसला. तुमचा अंक शेजाऱ्याशी जुळला नाही तरी खोडू नका.

फोटो काढायचेच असतील तर तिवई हवी. खग्रासात चंद्र हजारो पटींनी मंद होतो, हातात धरून काही येत नाही. पहिल्या ग्रहणाला मात्र कॅमेरा घरीच ठेवावा, असं मी मनापासून सांगेन. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना दुपारी झोपवा.

उन्मीलनाआधी पाचेक मिनिटं द्विनेत्री पुन्हा हातात घ्या आणि चंद्राच्या उजळत चाललेल्या कडेवर लक्ष ठेवा. लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये निळसर-फिरोजी रंगाची बारीक किनार दिसते. ओझोनच्या थरातून आलेल्या प्रकाशातला लाल भाग तिथे शोषला गेलेला असतो. ती काही मिनिटंच टिकते, आणि बहुतेक लोक तेव्हा चपला शोधत असतात.