धंद्यात खोट आली तरी जमेची बाजू कशी मोजायची

खोट आली की रोजमेळात, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, ती लगेच दिसते. पण त्या खोटीतून हाताला काय लागलं, कोणतं गिऱ्हाईक तरीही टिकलं, याची नोंद कुठल्याच खात्यात पडत नाही. त्यासाठी १०० पानी वही वेगळी घाला. मोबाईल नको; मध्येच ऑर्डरचा मेसेज येतो आणि नोंद अर्धी राहते.

पानावर चार रकाने आखा: काय ठरवलं, काय अपेक्षा होती, काय झालं, आता काय जमतं. अपेक्षेचा रकाना निर्णय घेतला त्याच दिवशी भरायचा. निकाल कळल्यावर भरला तर मन लबाडी करतं, 'मला तेव्हाच शंका आली होती' म्हणून मोकळं होतं. नोंद अशी दिसावी:

'नव्या बरण्या, ५०० नग. २ महिन्यांत खपतील. १८० गेल्या, त्यातल्या ४० झाकण गळतं म्हणून परत. आता मोठी ऑर्डर देण्याआधी २० बरण्या पाणी भरून रात्रभर उलट्या ठेवायच्या.'

चौथा रकाना नुकसानीच्या दिवशी भरू नका. त्या दिवशी फक्त आकडे. बाकीचं ७ दिवसांनी, राग उतरल्यावर. तिथे 'खूप शिकायला मिळालं' चालणार नाही. उद्या सकाळी करता येईल असं काहीतरी हवं, नाहीतर रकाना कोरा सोडा. कोरा रकानाही खरंच बोलतो.

धंद्यात 'आपण आपले मालक' असं म्हणतो, तेही तपासून घ्या. एक आठवडा कामाचे तास लिहा आणि स्वतःच्या मर्जीने केलेल्या कामापुढे खूण करा. ६० तासांत ६ खुणा निघाल्या तर कारण शोधा. कित्येकदा ते हे निघतं: निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकाकडून. मग साहेब तोच, फक्त पगारी रजा नाही.

स्वतःचा पगार न धरता काढलेला नफा फसवा असतो. हेच काम करायला माणूस ठेवला तर त्याला किती द्यावे लागतील, तेवढे वजा करा. नफा २० हजार आणि तो पगार ३० हजार असेल, तर १० हजार ही तुमच्या स्वातंत्र्याची महिन्याची किंमत. जाणूनबुजून मोजत असाल तर त्यात वावगं काही नाही. कित्येकांना ती परवडते आणि आवडतेही. नकळत मोजली तर मात्र हळूहळू बचत संपते आणि दोष नशिबाला जातो.

म्हणून ही किंमत किती महिने मोजायची, तो आकडा वहीच्या शेवटच्या पानावर आजच पेनाने लिहा. तारीख घाला. खाली घरातल्या एकाची सही घ्या, म्हणजे पुढे खाडाखोड करायची तर त्यांना विचारावं लागेल.