पाचोरा-जामनेर सायकलने करायचंय? मग हे वाचा

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-जामनेर नॅरोगेजच्या (अरुंद रुळांच्या रेल्वेच्या) जुन्या लाईनच्या सोबतीने सायकल हाणायची असेल तर रुळांवर नका जाऊ, ती रेल्वेची जागा आहे आणि रेल्वे कायद्याच्या 147 कलमाखाली गुन्हा लागू शकतो, शेजारच्या रोडनेच शेंदुर्णी-पहूर करत जामनेर गाठा, साधारण 55 किमी भरतं. जुन्या जिनिंगचे (कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचे) पत्र्याचे शेड बघायचे तर शेंदुर्णीत थांबा. दिवाळीनंतर जाल तर थंडी मस्त, पण कापसाच्या गाड्या कितीही लादलेल्या असतात, बाजू द्या बरं. आणि बाभळीचे काटे! एक ट्यूब पुरत नाही, दोन स्पेअर घ्या, पंप पण. मे महिन्यात तर नकोच, आपल्याकडचं ऊन माहितीये ना.